आधी हात बघ

अरे,

तुझा मेसेज सकाळी वाचला. रात्री पावणेदोनला पाठवलायस. व्हॉइस नोट पाठवा म्हणालास, पण मी बोलायला लागले की सुटते आणि मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून टाईप करतेय. चष्मा लावून, एका बोटाने, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नको.

चार गोष्टी विचारल्यास. फळा का फसला, सोलापूरच्या लोकांना कला कळत नाही असं तुझा मित्र म्हणतो ते खरं का, पिक्चर बघून तू जे लिहितोस त्याला काही अर्थ आहे का, आणि पुण्याच्या कोर्सचा फॉर्म भरू का. पाचवं ते शिफारसपत्राचं, त्यावर शेवटी येते. तू हुशार आहेस, खचू नकोस, असलं काही मी लिहिणार नाही. ते घरचे सांगतील आणि तुला ते ठाऊकही आहे, नाहीतर पदरचे पैसे घालून फळा रंगवून भर रस्त्यावर टांगायला कोण जातं.

मी वर्गात सांगायचे तेच परत सांगणार आहे. आधी हात बघ. आठवतंय का, माणूस काढायचा म्हटलं की तुम्ही सगळे चेहऱ्यावर तासभर घालवायचात आणि हात आले की खिशात घालायचात नाहीतर पाठीमागे न्यायचात, कारण बोटं जमायची नाहीत. तू तर एकदा आषाढीचं चित्र काढलं होतंस त्यात सगळ्या वारकऱ्यांचे हात पाठीमागे, कैद्यांची रांग निघाल्यासारखी. मी तेव्हा हसले होते. आता तू जे करतोयस ते तेच आहे आणि आता मला हसू येत नाहीये.

फळ्याबद्दल. तुला माहीत नाही, पण मी येऊन बघून गेले. तू होतास समोरच्या बाजूला मोबाईलमध्ये डोकं घालून, मी हाक मारली नाही. चहाच्या गाडीपाशी स्टूल मागून बसले, बराच वेळ. बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्याची भिंत निवडलीस, मालकाला विचारून फळा लावलास, तिथपर्यंत सगळं झ्याक. वर हेडिंग, 'मरण्याआधी मला', मग ओळीने रिकाम्या जागा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'करायचंय'. खाली डब्यात खडू.

तू मला फोटो पाठवलेस. सगळे फळ्याचे. एका फोटोत 'रूम भाड्याने देणे आहे' आणि नंबर, एकात बदाम आणि दोन इंग्रजी अक्षरं, एकात ती शिवी, आणि शेवटच्यात वरचं हेडिंग पुसलेलं. खाली तू लिहिलंस, 'बघा बाई, ही आपली पब्लिक'. अरे पण या फोटोत पब्लिक कुठाय? एकाही फोटोत माणूस नाही! तू फळा रस्त्यावर लावलास आणि फोटो असे काढलेस की जणू तो तुझ्या खोलीत टांगलाय.

मी काय बघितलं ते सांगते. कॉलेजची पोरं आली चार-पाच, एकजण म्हणाला, "काय बे हे?" दुसऱ्याने वाचून दाखवलं, मग खडूसाठी ओढाओढी, आणि एकाने लिहिलं 'पप्प्याचं लग्न', म्हणजे मरण्याआधी मला पप्प्याचं लग्न करायचंय. पप्प्या तिथेच उभा होता, तो पुसायला धावला तर बाकीच्यांनी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. शिवी त्याच झटापटीत आली, पप्प्यानेच लिहिली, डाव्या हाताने, म्हणून ती इतकी वेडीवाकडी आहे. तुला वाटतंय कोणीतरी तुझ्या कलेला शिवी दिली. अरे ती त्यांच्यातली आहे, तुझा तिथे काही संबंधच नाही.

मग शाळेच्या युनिफॉर्ममधली एक मुलगी, पाठीवर दप्तर, पुढे गेली, परत आली, इकडे तिकडे बघितलं आणि अगदी खालच्या कोपऱ्यात बारीक काहीतरी लिहिलं, दुसऱ्या हाताचा आडोसा धरून, परीक्षेत उत्तर झाकतात तसं. लिहून झाल्यावर दोन पावलं मागे सरकून वाचलं आणि स्वतःच बाहीने पुसून निघून गेली. काय लिहिलं ते कोणालाच कळणार नाही. तुझ्या फोटोत तर तिथे नुसता पांढरा डाग दिसतो. माझ्या मते त्या संध्याकाळी फळ्यावर घडलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती आणि तू मान खाली घालून कोणाच्या तरी रीलला लाईक देत होतास.

आणि हेडिंग. ते कोणी टवाळाने पुसलं असं तू धरून चाललायस. शेजारच्या किराणा दुकानातली बाई, दिवेलागणीला उंबरा पुसत होती, तिचं लक्ष गेलं. वाचलं तिने, ओठ हलवत, सावकाश. मग ते ओलं फडकं घेऊनच आली आणि 'मरण्याआधी' एवढंच पुसलं. 'मला' ठेवलं. फडकं कंबरेला खोचलं, डब्यातून खडू घेतला आणि पुसलेल्या जागी ठिपके देऊन छोटी रांगोळी काढली, फळा ओला होता म्हणून खडू नीट उमटेना तर दोनदा गिरवली. तिन्हीसांजेला दारात मरणाचं नाव नको, एवढाच तिचा हिशोब. आता तूच सांग, तुझ्या फळ्याशी त्या दिवशी सगळ्यात जास्त कोण बोललं? वाक्य वाचलं, पटलं नाही, दुरुस्त केलं, वर आपलं काहीतरी घातलं. परदेशात एखाद्या कलाकाराला असा एक माणूस मिळाला तर तो त्यावर अख्खं पुस्तक काढेल, आणि तू दुसऱ्या दिवशी फळा उतरवून माळ्यावर टाकलास!

बरं, आता ज्या बाईची आयडिया उचललीस तिच्याबद्दल. उचललीस त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती आयडिया जगभर गेलीये. पण कँडी चँग या कलाकार बाईने ती भिंत का केली ते वाचलंस का पूर्ण? २०११ साली, न्यू ऑर्लिन्समध्ये, तिच्या वस्तीतल्या एका पडीक घराच्या भिंतीवर, तिचं जवळचं माणूस गेल्यानंतर. दुसऱ्या दिवशीपर्यंत भिंत भरून गेली होती. मरणाचा प्रश्न तिच्या घरात येऊन बसला होता म्हणून तिने तो भिंतीवर नेला. तुझ्याकडे तो इन्स्टावरून आला. किराणावालीला ते फडकं मारताना बरोबर कळलं बघ, या प्रश्नामागे घर नाही.

म्हणून फळा फसला असं मी म्हणणार नाही. तू बघायला फसलास.

चिडू नको, पुढे वाच. तू मला एकदा विचारलं होतंस की अशा ठिकाणी लोक नुसते सेल्फी काढतात, मग त्याला कला म्हणायचं का. मी म्हणते हा प्रश्नच सोडून दे, त्याचं उत्तर मिळून तुला एक ओळसुद्धा जास्त लिहिता येणार नाही. शिकागोच्या मिलेनियम पार्कमधलं शिल्पकार अनिश कपूरचं ते स्टीलचं भलंमोठं धूड घे. कपूर मूळचा मुंबईचा, १९५४ चा जन्म. १६८ पत्रे जोडलेत म्हणे आणि सांधा कुठे दिसत नाही, आरशासारखं चकचकीत, लोक त्याला बीन म्हणतात. त्याच्यावर ढिगाने लिहिलं गेलंय, आकाश काय, अवकाश काय, ते सगळं असेल खरं. मला त्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली, की त्याचा खालचा सहा फुटांचा भाग दिवसातून दोनदा हाताने पुसतात. का, तर तिथपर्यंत लोकांचे हात पोचतात. म्हणजे रोज सकाळपासून शेकडो माणसं तिथे हात टेकवतात, स्वतःच्याच बोटाला बोट लावून बघतात, पोरं तोंडाची वाफ सोडून त्यावर लिहीत असणार, आणि मग कोणीतरी कापड घेऊन येतं. माझ्या हातात असतं तर आठवड्यातून एक दिवस पुसायचं बंद ठेवलं असतं. सेल्फी काढणारा तिथे काय करतो याच्यावर लिही ना, कोपर कसं ताणतो, मागच्या अनोळखी माणसाला फ्रेमच्या बाहेर कसा ढकलतो. कला आहे की नाही ते मंडळी ठरवत बसू देत.

आणि नुसतं बटण दिलं म्हणजे हाताला काम दिलं असंही नाही हं, हे आजकाल सगळीकडे चाललंय, सेन्सर लावा, लाईट लावा, इंटरॅक्टिव्ह म्हणा. १९६७ ला मॉन्ट्रियलच्या एक्स्पोमध्ये, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात एक पिक्चर दाखवला होता, राडुझ चिंचेरा नावाच्या माणसाची कल्पना. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं, लाल आणि हिरवं, पिक्चर मध्येच थांबायचा, एक निवेदक स्टेजवर यायचा आणि विचारायचा, आता पुढे काय करू दे याला? लोक बटण दाबायचे, जास्त मतं जिकडे पडतील तिकडे गोष्ट जायची. जगातला पहिला इंटरॅक्टिव्ह सिनेमा म्हणतात त्याला. गंमत अशी की गोष्ट अशी रचलेली होती की कुठलंही बटण दाबा, वाटा फिरून परत एकत्र यायच्या आणि शेवटी इमारतीला आग ती लागायचीच. त्या माणसाने मुद्दाम केलं होतं ते, टोमणा होता त्यात. आजचे मॉलमधले लोक तेच मनापासून करतात. पायाखाली लाईट पेटला, पोराने दोन उड्या मारल्या, संपलं.

याच्या उलट लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात, २००३ मध्ये, ओलाफुर एलियासन नावाच्या कलाकाराने त्या अवाढव्य हॉलच्या टोकाला पिवळ्या दिव्यांचा अर्धा गोल लावला, छताला आरसे, आरशात मिळून पूर्ण सूर्य, हॉलभर धुकं. बटण नाही, सूचना नाही. मी गेलेले नाही, व्हिडिओ बघितलेत, पण परत परत बघितलेत. लोक खाली फरशीवर आडवे झाले. कोणी सांगितलं नव्हतं. छतातल्या आरशात ठिपक्याएवढे दिसतात सगळे, मग आपण कुठला ठिपका हे शोधायला हात हलवायला लागले, पाय हलवायला लागले, अनोळखी माणसं मिळून जमिनीवर आकार करायला लागली. हे बघ. हे लिहायचं असतं. सूर्य सगळेच लिहितात.

पण मी लंडन-शिकागो कशाला करतेय, तू सोलापूरचा ना? तुझ्या मित्राला विचार, गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, तो काय बघतो. पाळणे आणि भजी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सम्मती कट्ट्याला सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता असतात, लहानपणापासून जातोयस, कधी बघितलंस का नीट? सात नंदीध्वज, त्या मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, ते पेलताना त्यांच्या मनगटांना काय होतं ते एकदा जवळून बघ. मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळ्या घालणारे रस्त्यावर वाकून वाकून रांगोळ्या घालतात, आणि त्या कशासाठी, तर त्यांच्यावरून पायच जाणार आहेत म्हणून. एवढी मोठी रस्त्यावरची कला आणि ती तुडवली जाणार हे धरूनच केलेली, तुझा फळा एका फडक्याने पुसला तर तुला झोप नाही. आणि मग सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम् झालं की कट्ट्याच्या चहूबाजूंनी, गच्च्यांवरून, झाडांवरून हजारो हात एकदम वर. त्यातले बहुतेक तांदूळ कट्ट्यापर्यंत पोचतच नाहीत. पुढच्याच्या मानेवर पडतात, कॉलरमधून आत जातात, बायकांच्या केसात अडकतात, घरी जाऊन अंघोळीच्या वेळी सापडतात. आणि तरी प्रत्येकाचं म्हणणं असतं की मी अक्षता टाकल्या, लग्न माझ्या हातून लागलं. तुझ्या त्या कोर्सला पार्टिसिपेटरी का काय म्हणतात ना, ते शिकायला पुण्याला जायच्या आधी एकदा गड्ड्याला पाठ कट्ट्याकडे करून उभा राहा आणि समोरचे हात बघ.

सोलापूरला कळत नाही म्हणे! हे वाक्य मी माझ्या तरुणपणापासून ऐकतेय आणि दर वेळी ते बोलणाऱ्याने स्वतः काहीही बघितलेलं नसतं. १९७५ ला 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा गावोगावी बायका थेटरच्या बाहेर चपला काढून आत जायच्या, पडद्यावर नाणी आणि फुलं टाकायच्या. शिकलेले लोक हसले. मी लहान होते, पण मला आठवतंय ती नाणं टाकणारी बाई, आमच्या पुढच्याच रांगेत होती. तिने आधी रुमालाची गाठ दाताने सोडली, आतली चिल्लर हातावर पसरली, त्यातलं मोठं नाणं परत बांधून ठेवलं आणि छोटं टाकलं. भक्ती पण आणि हिशोब पण! हसणाऱ्यांनी त्या पिक्चरवर पानंच्या पानं लिहिली असतील, ही गाठ कोणाला दिसली? आपल्याकडे एकाच थेटरात मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं शेजारी शेजारी बसलेली असतात, एखाद्याला डायलॉग निम्माच कळतो, मग तो शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून विचारतो, काय म्हणाला रे तो. त्याला कला कळत नाही? तो तर काम करून बघतोय पिक्चर.

आता तुझं पिक्चरवरचं लिखाण. पाठवलेलं सगळं वाचलं. छायाचित्रण अप्रतिम, पटकथा उत्तरार्धात ढेपाळते, पार्श्वसंगीत प्रभावी, साडेतीन स्टार. हे कोणी लिहिलंय? तू कुठे आहेस यात? कुठल्या थेटरात, कुठल्या शोला, शेजारी कोण, काहीच नाही. हे तू पिक्चर न बघताही लिहू शकला असतास आणि मला संशय आहे की एका वेळी तू तेच केलंयस. स्टार द्यायचं तर आजपासून बंद. वैयक्तिक लिहायचंय म्हणतोस ना, मग व्यक्ती आण त्यात.

'फँड्री' चा शेवट तुला पाठ आहे. जेऊरच्या माणसाने, नागराज मंजुळेने, केलेला पिक्चर, आपल्या करमाळा तालुक्यातला, त्यावर तू दोन पानं लिहिलीस, जातव्यवस्था, प्रतीक, डुक्कर, चिमणी, सगळं बरोबर आहे, मार्क द्यायचे तर मी देईन. पण त्यातला पोरगा, जब्या, दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्या अंगावर येतो, तेव्हा तुझ्या हाताने काय केलं? मी सांगते मी काय बघितलं. माझ्या शेजारी साठीचे गृहस्थ होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन, पिक्चरभर हाताची घडी. दगड आला तशी घडी सुटली आणि उजवा हात तोंडासमोर आला, आपोआप. पडदा काळा झाला. मग तो हात खाली कसा घ्यायचा ते त्यांना कळेना. अर्धवट वर धरलेला हात त्यांनी चष्म्याकडे नेला, चष्मा पुसला, जणू त्यासाठीच वर केला होता. पुढे कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्यांनी वाजवल्या नाहीत. त्या माणसाला दगड लागला की नाही यावर लिहिलं असतंस तर तुझी दोन पानं मी जपून ठेवली असती.

तू म्हणशील, बाई, मी तर पिक्चर रात्री एकटा मोबाईलवर बघतो, कोणाचे हात बघू? तुझे स्वतःचे, लेका! अंगठा कुठे दहा सेकंद पुढे गेला, कुठे मागे आला, कुठल्या सीनला तू मोबाईल उलटा करून ठेवलास, कुठे मध्येच व्हॉट्सॲप उघडलंस. त्याची नोंद ठेव, वहीत, त्याच रात्री, दुसऱ्या कोणाचं मत वाचायच्या आत. तू लिहितोस की अमुक पिक्चर संथ पण खिळवून ठेवणारा, आणि अंगठा सांगत असेल की तू तो अकरा ठिकाणी ढकललास, तर मी अंगठ्यावर विश्वास ठेवीन.

हे मी कुठून शिकले ते सांगते, नाहीतर तुला वाटेल बाईंनी एक खूळ धरलंय. धरलंयच.

मला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती, मुंबईला जे.जे.त जायचं होतं. घरात वडील तयार होते जवळजवळ, माझ्या मावशीने मोडता घातला. पोरीला एकटीला मुंबईला कशाला, इथे ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, करेल, नोकरी लागेल, तिचंच भलं. तसंच झालं. पुढे १९८२ ला 'उंबरठा' आला, मी मावशीबरोबरच गेले, दुपारच्या शोला, कारण रात्रीच्या शोला आम्ही बायका जायचो नाही. जब्बार पटेलांचा पिक्चर, तेही पंढरपूरचेच, स्मिता पाटील शेवटी घर सोडून निघते. मावशीकडे ती जुनी चापाची पर्स होती, दोन गोळ्या एकमेकांवर बसल्या की टक् असा आवाज येतो. पिक्चरच्या शेवटच्या भागात तिने ती पर्स उघडली, मिटली. उघडली, मिटली. काढलं काहीच नाही आतून. मागचा माणूस चुक् चुक् करायला लागला तरी थांबली नाही. मी पडद्याकडे बघायचं सोडून तिच्या हाताकडेच बघत बसले. बाहेर आल्यावर म्हणाली, बरा होता पिक्चर, जरा लांबवलाय. बस्स. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, ती गेली आता, आणि मी विचारलं नाही याची रुखरुख आहे, पण विचारलं असतं तर तिने तेच सांगितलं असतं, जरा लांबवलाय. जे सांगायचं ते पर्सने सांगून झालं होतं. त्या पिक्चरची कुठलीही समीक्षा मला आणून दे, त्यात ती पर्स नाही. कुठून असणार?

आता तू म्हणशील बाई स्वतःचंच सांगायला लागल्या. सांगते, मग? इतकी वर्षं शाळेत वॉटरकलरची पाण्याची भांडी धुतली, एलिमेंटरीच्या पोरांना स्थिरचित्राला मडकं आणि दोन वांगी मांडून दिली, कुठे प्रदर्शन नाही, नाव नाही. माझ्या बरोबरीची एकजण मुंबईला गेली, तिचं बरं चाललंय, भेटते तेव्हा म्हणते तू तिथे वाया गेलीस. मी वाया गेले नाही. मी इथे राहिले म्हणून मला सलग एकाच गावाचे हात बघायला मिळाले, चादरीच्या कारखान्यातले, विड्या वळणाऱ्या बायकांचे, थेटरातले, कट्ट्यापाशीचे. तिकडे गेले असते तर दर वर्षी नवीन माणसं, नवीन हात. हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणतेय असं तुला वाटलं तर वाटू दे, अर्धं तसं असेलही. अर्धं नाही.

आणि याचा अर्थ तू जाऊ नको असा काढू नको. चित्रकार हुसेन पंढरपुरात जन्मले, १९१५ साली, आणि गेलेच ना, मुंबईत पिक्चरची होर्डिंग रंगवून पोट भरलं. रस्त्यावरची कला आणि सिनेमा एकाच शिडीवर! पुढे १९६७ ला त्यांच्या एका छोट्या फिल्मला बर्लिनला गोल्डन बेअर मिळालं. तर जायचं तर जा, फॉर्म भर, शंभर टक्के भर. फक्त फॉर्ममधल्या त्या उद्देशाच्या रकान्यात 'माझ्या शहरात कलेची जाण नाही' हे जे तू ड्राफ्टमध्ये लिहिलंयस ते काढ. एक तर ते खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक गावातून आलेला प्रत्येकजण तिथे तेच लिहितो. तिथे किराणावालीचं लिही. फडकं, खडू, ओल्या फळ्यावर न उमटणारी रेघ, दोनदा गिरवली ते. फोटो नाही म्हणून रडू नको, मी सांगितलंय ना सगळं, आणि तुझा विश्वास नसेल तर तिच्या दुकानात जा, काहीतरी विकत घे आणि विचार. फळ्याचा विषय काढलास तर आधी रागावेल, सांगून ठेवते.

शिफारसपत्र देते. पण आधी वही दाखव, निदान पाच-सहा पानं भरलेली, स्टार नसलेली. पत्र मी हाताने लिहीन, पेनने, टाईप करून स्कॅन वगैरे मला जमणार नाही. त्यांना चालत नसेल तर आधीच विचारून घे आणि शेवटची तारीख काय आहे ते कळव, तू मेसेजमध्ये एवढं रामायण लिहिलंस पण तारीख लिहिली नाहीस.

तुझ्या बाई